उत्तर पाठ करता येत नाही

२०१९ साली बँकॉकला झालेली जागतिक शालेय वादविवाद स्पर्धा भारताच्या संघानं जिंकली. अंतिम फेरीत समोर कॅनडा होता. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं विजेतेपद. ही स्पर्धा इंग्रजीत होते, पण तिचे नियम कोणत्याही भाषेत चालतात. मराठी शाळांपर्यंत ते फारसे पोचले नाहीत याची मला खंत वाटते.

आपल्या आंतरशालेय स्पर्धा आठवून पाहा. विषय कित्येक दिवस आधी कळलेला असतो. शाळेतून दोघं जातात, एक अनुकूल बाजूनं बोलणार, एक प्रतिकूल. भाषण बहुधा बाईंनी किंवा सरांनी लिहून दिलेलं, घरी आईनं पाठ करून घेतलेलं. आपला नंबर येईपर्यंत मूल मनात स्वतःचंच भाषण घोळवत बसतं, त्यामुळे आधीचे वक्ते काय बोलले हे त्याच्या कानावर पडूनही पोचत नाही. मग आठव्या वक्त्याचं उदाहरण तेच असतं जे दुसऱ्यानं दिलं होतं. सभाधीटपणा, स्वच्छ उच्चार, आवाजाची फेक हे सगळं यातून मिळतं आणि ते मोलाचं आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून भाषण ऐकायला गर्दी करणारा हा प्रांत आहे. पण हे वक्तृत्व झालं. समोरच्याला उत्तर द्यावं लागतं तिथून पुढे वादविवाद सुरू होतो.

जागतिक शालेय पद्धतीत व्यासपीठावर दोन संघ असतात, प्रत्येकी तिघांचे. बाजू निवडायची मुभा नसते, वाट्याला येईल ती मांडायची. काही विषय आधी जाहीर होतात, काही ऐन वेळी मिळतात. ऐन वेळच्या विषयाला तयारीसाठी एकच तास. तिथे प्रशिक्षक नाही, इंटरनेट नाही. प्रत्येक वक्त्याला आठ मिनिटं, आणि दोन्ही बाजू आळीपाळीनं बोलतात. पहिला वक्ता विषयाची व्याख्या करून चौकट आखतो. दुसऱ्यापासून खंडनाचा भाग वाढत जातो आणि तिसऱ्याचं जवळजवळ सगळं भाषण खंडनातच जातं, म्हणजे त्याला ते घरून लिहून आणताच येत नाही. शेवटी प्रत्येक संघाला चार मिनिटांचं समारोपाचं भाषण मिळतं. त्यात नवा मुद्दा चालत नाही. वाद नेमका कशावर झाला आणि तो आपल्या बाजूनं का सुटला, एवढंच सांगायचं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मध्येच प्रश्न विचारण्याचा हक्क. आठ मिनिटांतलं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडलं, तर प्रतिस्पर्धी उभा राहून प्रश्न पुढे करू शकतो. तो घ्यायचा की नाही हे वक्ता ठरवतो, पण एकही प्रश्न न घेणारा वक्ता परीक्षकांच्या नजरेतून उतरतो. प्रश्नाला जेमतेम पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात समोरच्याच्या युक्तिवादातली कच्ची कडी पकडायची, तर त्याचं भाषण कान देऊन ऐकावंच लागतं.

दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द करावी, असा विषय घेऊ. अनुकूल संघ म्हणेल, २०२१ मध्ये कोरोनामुळे ही परीक्षा झाली नाही, शाळांनी दिलेल्या गुणांवर निकाल लागला आणि मुलं अकरावीत गेलीही. काही बिघडलं नाही. इथे प्रतिकूल संघातल्या मुलीनं उभं राहून विचारावं: त्या वर्षी निकाल ९९.९५ टक्के लागला, मग अकरावीच्या प्रवेशासाठी सरकारला वेगळी परीक्षा का जाहीर करावी लागली? प्रश्न बिनतोड वाटतो. पण तयारीचा वक्ता सांगेल की ती परीक्षा उच्च न्यायालयानं रद्द केली आणि तिच्याविनाच प्रवेश पार पडले. मग प्रतिकूल संघाला आणखी खोल जावं लागतं. शाळेनं दिलेल्या गुणांवर नावाजलेल्या शाळेची छाप पडते; तालुक्याच्या गावातल्या मुलाला, आपण शहरातल्या कुणाइतकेच हुशार आहोत, हे सिद्ध करायला बोर्डाखेरीज दुसरी कोणती जागा आहे? आता वाद परीक्षेच्या ताणावरून न्यायाच्या प्रश्नावर आला. एकच घटना दोन्ही बाजूंनी वापरली, आणि ऐकणाऱ्याला विषय सुरुवातीला वाटला त्याहून मोठा दिसू लागला. ‘परीक्षा शाप की वरदान’ या साच्यातून इथवर क्वचितच पोचता येतं.

गुणांची विभागणीही पाहण्यासारखी आहे. शंभरपैकी चाळीस आशयाला, चाळीस मांडणीला आणि वीस डावपेचाला, म्हणजे महत्त्वाचा मुद्दा ओळखून त्याला वेळ दिला का, याला. परीक्षक आपापला निर्णय स्वतंत्रपणे देतात, त्यामुळे तिघांत दोन विरुद्ध एक असाही निकाल लागतो.

न पटणारी बाजू मांडायला लावून आपण मुलांना अप्रामाणिक व्हायला शिकवतो, अशी शंका काही पालक घेतात. मला ती पटत नाही. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही ताकदीनं, आणि मगच त्याचं खंडन करायचं, अशी रीत होती. न्यायसूत्रांनी तर तत्त्व समजण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःचं काहीच न मांडता नुसतं खोडत सुटणारी वितंडा, असे तीन प्रकार वेगळे केले. स्पर्धा आहे म्हटल्यावर जल्प होणारच. वितंडेला मात्र या पद्धतीत जागा नाही, कारण प्रतिकूल संघालाही स्वतःचे मुद्दे उभे करावे लागतात. शिवाय विरोधी बाजू एकदा मनापासून मांडलेल्या मुलाला पुढे त्या बाजूच्या माणसाला मूर्ख समजणं जड जातं. टीव्हीवरचा रात्रीचा आरडाओरडा पाहून मोठ्या होणाऱ्या पिढीला याची फार गरज आहे.

यासाठी खर्च जवळजवळ काहीच नाही. मराठीच्या तासाला नववीच्या वर्गात सहा मुलं घ्या, विषय तासभर आधी द्या, बाजू नाणं उडवून ठरवा, कागदावर मुद्द्यांपलीकडे काही लिहू देऊ नका. सुरुवातीला आठ मिनिटं जड जातील. चारच ठेवा, पण मधला प्रश्न वगळू नका. आणि निकाल सांगताना परीक्षकांनी नुसतं ‘सर्वच स्पर्धक छान बोलले’ म्हणून थांबू नये. कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला, कोणत्या प्रश्नानं वाद फिरला, हे मुलांसमोर पाच मिनिटं तपशिलात सांगावं.