विश्लेषण : डोंगरमाथ्यावरच्या मोजणीखुणा शोधायला लोक का निघतात?

सुळक्यावर किंवा माथ्यावर पोहोचल्यावर सेल्फी काढून परतणारे बरेच असतात. मात्र पायाखालच्या कातळात वर्तुळ आणि त्याच्या मधोमध ठिपका कोरलेला दिसला, की तिथेच बसकण मारणाराही एक वर्ग आहे. ही खूण म्हणजे जुन्या भूमापनाचा बिंदू. ब्रिटन आणि अमेरिकेत अशा खुणा शोधत हिंडणे हा ‘जिओकॅशिंग’ या छंदाचा सख्खा भाऊ मानला जातो. भारतात तो अजून रुजलेला नाही, पण त्यासाठी लागणारे दगड आपल्याकडे दोनशे वर्षांपासून आहेत.

जिओकॅशिंग कधी सुरू झाले?

जीपीएसचा अचूक संकेत आधी अमेरिकी लष्करापुरता राखीव होता. सामान्यांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. मे २०००च्या सुरुवातीला ही मुद्दामची चूक काढून टाकण्यात आली आणि लगेच दुसऱ्या दिवशी ओरेगन राज्यात एकाने रानात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. बादलीत वही आणि पेन्सिल होती. शोधा, वहीत नाव लिहा, एखादी वस्तू घ्या आणि आपली एक ठेवा, इतकाच नियम.

मोजणीखुणांच्या बाबतीत लपवण्याचे काम सरकारनेच करून ठेवले आहे. ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेने १९३६पासून सुमारे साडेसहा हजार काँक्रीटचे खांब टेकड्यांवर उभारले. बहुतेकांच्या अंगावर धातूच्या पट्टीवर क्रमांक असतो. तो क्रमांक टिपला की भेट पक्की.

या खुणा माथ्यावरच का?

कारण त्रिकोण. जमिनीवर एक पायारेषा काटेकोर मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या तिसऱ्या बिंदूचे कोन घ्यायचे. मग उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण. यासाठी एका बिंदूवरून दुसरा दिसायला हवा, म्हणून माथे निवडले गेले. जिथे डोंगरच नाहीत, त्या गंगेच्या खोऱ्यात जॉर्ज एव्हरेस्टला मनोरे बांधावे लागले.

भारतातले हे काम १८०२मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने साडेसात मैलांची पायारेषा मोजून सुरू केले. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. तंजावरच्या मंदिरावर चढवताना तो आदळून वाकला, तेव्हा लॅम्बटनने स्वतः बसून दुरुस्त केला. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे २४०० किलोमीटरची ही साखळी एव्हरेस्टच्या काळात पूर्ण झाली. पुढे याच मोजणीच्या आधारे राधानाथ सिकदर यांच्या गणिताने जगातले सर्वोच्च शिखर ठरले, पण नाव लागले ते एव्हरेस्टचे.

महाराष्ट्रात काय पाहता येईल?

लॅम्बटनचा शेवट महाराष्ट्रातच झाला. मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले. कबरही तिथेच आहे. एव्हरेस्ट हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक, पण वर्धा जिल्ह्यातल्या या कबरीकडे वाट वाकडी करून जाणारे थोडेच. नागपूरचा ‘झिरो माइल’ मात्र सर्वांना माहीत आहे. हा दगड भारताचा मध्यबिंदू आहे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा त्यावर कोरलेला आकडा वाचावा : समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. अशा खुणांना ‘बेंचमार्क’ म्हणतात आणि त्या प्रामुख्याने उंचीसाठी असतात. डोंगरमाथ्यावरचे बिंदू असतात स्थानासाठी. सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर मधोमध ठिपका असलेला त्रिकोण दिसला की तो असा बिंदू समजावा.

फोनवर आकडे टाकले की झाले?

इथेच नवखे फसतात. जुने नकाशे एव्हरेस्टच्या नावाच्या लंबगोलावर बेतलेले आहेत, तर फोनमधला जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ या वेगळ्या लंबगोलावर चालतो. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे फोनमध्ये टाकले, तर सह्याद्रीत जागा शंभर मीटरहून अधिक सरकते. सपाट शेतात हे चालून जाईल. धुक्यात, कड्याच्या टोकाशी, नाही. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो, म्हणजे सरकलेल्या जागेवरही तो तितक्याच आत्मविश्वासाने नेऊन उभे करतो. म्हणून आधी आकडे रूपांतरित करून घ्यावेत किंवा नव्या ‘ओपन सिरीज’ नकाशांचा वापर करावा. उंचीचेही तसेच. काही अ‍ॅप्स समुद्रसपाटीऐवजी लंबगोलापासूनची उंची दाखवतात आणि आपल्याकडे ती दगडावरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरते. अशा वेळी दगडावर विश्वास ठेवावा.

खुणा टिकतील का?

उपग्रहांमुळे मोजणीसाठी या दगडांची गरज फारशी उरलेली नाही. ब्रिटनमध्येही खांब ओस पडले, तेव्हा त्यांची रंगरंगोटी आणि देखभाल दत्तक घेतल्यासारखी हौशी मंडळींनी सुरू केली. आपल्याकडे माथ्यावर मंडप, मनोरा किंवा फरसबंदी करताना खालचा कोरीव ठिपका कुणाच्या लक्षातही येत नाही. सरकारने बसवलेली अशी खूण हलवणे किंवा फोडणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे ठाऊक असणारे त्याहून कमी.

म्हणून आपल्याकडे हा खेळ डब्याविना खेळलेला बरा. किल्ल्यावर प्लास्टिकचा डबा दडवला तर तो एक तर कचरा ठरेल, नाही तर बेवारस वस्तू म्हणून पोलीस बोलावले जातील. दगडावरचा मजकूर वाचून उत्तर देण्याचा ‘व्हर्च्युअल’ प्रकार जिओकॅशिंगमध्ये आहेच. खूण सापडली की खडूने गिरवू नये, शेंदूर लावू नये, भोवतीचे दगड उचकटू नयेत. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, कोरीव रेषा उठून दिसतात. तेव्हा फोटो काढावा आणि तारीख, जागा, खुणेची अवस्था लिहून ठेवावी. दहा वर्षांनी तिथे काँक्रीट पडलेले दिसले, तर आधी काय होते हे सांगणारी नोंद बहुधा तेवढीच असेल.