कोरी जागा आणि शून्य

गेल्या महिन्यात आमचा स्ट्रोकचा मेडिकल कोडिंगचा प्रोजेक्ट सॉफ्टवेअरच्या हवाली झाला. अकरा जणांची टीम होती. सात जण दुसऱ्या कामावर गेले आणि मशीनने कोड केलेले चार्ट तपासायला आम्ही चौघं उरलो. पहिल्याच सकाळी समोर आलेल्या चार्टवर कोड होता आर२९.७००, म्हणजे स्ट्रोकच्या तीव्रतेचा स्कोअर शून्य. मी इमर्जन्सीतल्या नर्सच्या नोंदी उघडल्या. बाई आल्या तेव्हा स्कोअर १४ होता. गुठळी विरघळवणारं औषध दिलं, त्या सावरल्या, आणि तिसऱ्या दिवशी घरी जाताना स्कोअर शून्यावर आला. मशीनने तो शेवटचा आकडा उचलला होता. नियम म्हणतो की निदान पहिला नोंदवलेला स्कोअर तरी द्या. मी १४ घातले, पण दिवसभर चैन पडलं नाही.

या कोडला येत्या १ ऑक्टोबरला दहा वर्षं होतील. ती सगळी मी ऐरोलीत बसून, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट वाचत काढली.

त्याआधीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आजारांच्या कोडांच्या जुन्या यादीत, आयसीडी-९ मध्ये, मेंदूच्या इन्फार्क्टला आम्ही बहुतेक वेळा ४३४.९१ टाकायचो. तोंड किंचित वाकडं झालेला माणूस आणि व्हेंटिलेटरवरचा माणूस, दोघांना तोच कोड. आयसीडी-१० येणार येणार म्हणत दोनदा पुढे गेलं आणि अखेर १ ऑक्टोबर २०१५ ला आलं. आम्ही परीक्षा दिल्या, पुस्तकं बदलली.

मग २०१६ चा ऑक्टोबर आला. आर२९.७०० पासून आर२९.७४२ पर्यंत एकदम ४३ नवे कोड. हा स्कोअर ज्यावर मोजतात ते एनआयएच स्ट्रोक स्केल १९८९ पासून होतं. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेझ औषधाची जी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात रुग्ण याच स्केलने मोजले होते. पण हा आकडा बिलात कुठेच जात नव्हता, आणि स्ट्रोकनंतर तीस दिवसांत किती रुग्ण दगावले यावरून हॉस्पिटलांची तुलना मात्र बिलांवरून व्हायची. गंभीर रुग्ण घेणारं मोठं हॉस्पिटल त्यात वाईट दिसायचं. तीव्रतेचा स्कोअर हिशेबात धरला की हॉस्पिटलांचे क्रम पुष्कळ बदलतात, हे २०१२ साली ‘जामा’तल्या अभ्यासाने दाखवून दिलं होतं. ही उणीव या कोडांनी भरून निघणार होती.

आमच्या फ्लोअरवर याचं स्वागत झालं नाही. हा कोड डीआरजी, म्हणजे बिलाची रक्कम ठरवणारा गट, बदलत नाही, बिलात एक डॉलर वाढवत नाही. तेव्हाचे आमचे टीम लीड स्पष्ट म्हणाले, “मिळाला तर टाका, शोधत बसू नका.” टार्गेट तासाला अडीच चार्टचं. स्कोअर बहुधा डॉक्टरांच्या नोटमध्ये नसायचाच, नर्सच्या फ्लोशीटमध्ये खोल कुठेतरी असायचा. स्ट्रोकचं निदान डॉक्टरांचं हवं, पण स्कोअर नर्सने लिहिलेला चालतो, हे नियमात पहिल्यापासून आहे. तरी एका ऑडिटमध्ये माझे सहा चार्ट याच कारणावरून चूक धरले गेले. मी नियमाचं पान जोडून रिबटल पाठवलं. चार गुण परत मिळाले, दोन मिळाले नाहीत. त्या दोन गुणांचं मला आजही वाईट वाटतं, कारण मी बरोबर होते.

स्केल मला शिकवलं ते शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने. ती मूळची फिजिओथेरपिस्ट. कॅन्टीनमध्ये चहा बाजूला ठेवून तिने हात समोर ताठ धरला आणि मला मोजायला लावलं. दहा सेकंद हात स्थिर राहिला तर शून्य. खाली येऊ लागला पण बेडला टेकला नाही तर एक. थोडी धडपड दिसते पण हात वर टिकत नाही, तर दोन. उचलताच येत नाही, नुसता पडतो, तर तीन. काहीच हालचाल नाही, चार. मग तिने विचारलं, “आज कोणता महिना? तुझं वय किती?” या दोन प्रश्नांचेही गुण आहेत. त्या दिवसानंतर १४ हा आकडा मला नुसता आकडा दिसला नाही. त्यात न उचलला गेलेला हात होता, चुकलेला महिना होता.

तीच मला म्हणाली होती, “शून्य आणि कोरी जागा एक नाही गं.” शून्य म्हणजे कोणीतरी रुग्णाजवळ उभं राहिलं, सगळं तपासलं आणि काही कमी आढळलं नाही. कोरी जागा म्हणजे तपासलं नाही, किंवा तपासलं पण लिहिलं नाही. ‘तपासलं नाही’ याला कोड नाही. तिथे डॉक्टरांना क्वेरी पाठवायची आणि उत्तर नाही आलं तर जागा कोरी सोडायची, हा आमच्या टीमचा रिवाज झाला. फ्लोशीटमधले सुटे आकडे आपण बेरीज करून टाकायचे नाहीत, हाही.

पुढे मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याने, जाहीर केलं की आर्थिक वर्ष २०२३ पासून स्ट्रोकच्या मृत्युदराच्या हिशेबात हा स्कोअर धरला जाईल. तेव्हा आम्हाला मेल आला, एकही स्कोअर सुटता कामा नये. त्या दोन-तीन वर्षांत आमचं काम खरंच उत्तम होत होतं. लोक फ्लोशीट वाचायचे, वेळा जुळवायचे, औषधाच्या आधीचा स्कोअर कोणता यावर जेवणाच्या सुट्टीत वाद घालायचे. ते वाद आता ऐकू येत नाहीत. मैत्रीण त्या सात जणांत गेली.

मशीन वेगवान आहे आणि पुष्कळदा बरोबरही असतं. पण तपासणाऱ्याला तासाला दहा चार्ट दिले, तर तपासणारा फक्त ‘मान्य’ दाबत राहील. हा वेग ठरवणाऱ्यांनी कधीतरी एक फ्लोशीट शेवटपर्यंत वाचून पाहायला हवी होती.

काल आणखी एक शून्य आलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, कमजोरी दिसत नाही. मशीनने त्यावरून आर२९.७०० दिला. मी इमर्जन्सीची नोट पाहिली, न्यूरॉलॉजीची पाहिली, रात्रपाळीच्या नर्सची फ्लोशीट शेवटपर्यंत खाली नेली. स्कोअर कोणीच लिहिलेला नव्हता. क्वेरीची मुदत संपलेली होती. बावीस मिनिटं गेली. मी ते शून्य काढलं आणि जागा कोरी ठेवली.