स्वाक्षरी, सही आणि खासगी किल्ली : इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाच्या प्रामाण्याचा विचार

मराठीत एकाच कृतीसाठी दोन शब्द रूढ आहेत. ‘स्वाक्षरी’ म्हणजे स्वतःच्या हातचे अक्षर. त्यावरून ते कोणाचे, याची ओळख पटते. ‘सही’ हा शब्द मूळ अरबी ‘सहीह’ या शब्दावरून आला असून त्याचा अर्थ ‘बरोबर’, ‘खरे’ असा आहे. सही करणारा केवळ आपले नाव लिहीत नाही. मजकूर खरा असून आपणांस मान्य आहे, असे तो सांगत असतो. नित्याच्या व्यवहारात हे दोन्ही शब्द समानार्थी झाले आहेत. तथापि, दस्तऐवज महाजालावरून स्वाक्षरीसाठी पाठविण्याची पद्धत सर्वत्र रुजत असताना त्यांतील भेद पुन्हा ध्यानात घेणे आवश्यक झाले आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप, तिला असलेला कायद्याचा आधार आणि तीत संभवणारे धोके यांचा परिचय करून द्यावयाचा आहे.

पूर्वपीठिका

दस्तऐवज खरा कशावरून, हा प्रश्न मराठी कागदपत्रांच्या परंपरेस नवा नाही. शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांच्या माथ्यावर शिक्का असे, तर अखेरीस ‘मोर्तब’ उमटविली जाई. मजकुराची मर्यादा येथे संपली, असा त्या मुद्रेचा आशय असे. त्यापुढे कोणी ओळ वाढविल्यास ती उघडी पडे. ज्यांस लिहिता येत नसे ते आपली निशाणी करीत. शेतकऱ्याने नांगराची आकृती काढावी, दुकानदाराने तराजूची, असा प्रघात होता. थोडक्यात, कागद कोणाचा, तो पूर्ण आहे काय आणि त्यास कोणाची संमती आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन स्वतंत्र खुणांनी दिली जात.

अंकीय स्वाक्षरीची घडण

कागदावरील सहीचे छायाचित्र संगणकातील पत्राखाली चिकटविणे म्हणजे अंकीय स्वाक्षरी नव्हे. असे चित्र कोणालाही उचलून अन्यत्र लावता येते. अंकीय स्वाक्षरीचा पाया गणिती आहे. व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली सार्वजनिक किल्लीच्या कूटलेखनाची कल्पना मांडली. रिव्हेस्ट, शमीर व अॅडलमन यांनी १९७७ साली तिला ‘आरएसए’ या पद्धतीचे व्यवहार्य रूप दिले. या पद्धतीत प्रत्येकाजवळ परस्परांशी निगडित अशा दोन किल्ल्या असतात. खासगी किल्ली धन्याने स्वतःपाशी गुप्त ठेवावयाची असते. सार्वजनिक किल्ली सर्वांस खुली असते.

स्वाक्षरीच्या वेळी प्रथम संपूर्ण मजकुरावर ‘हॅश’ नावाची गणिती क्रिया केली जाते. मजकूर एका ओळीचा असो वा हजार पृष्ठांचा, ‘एसएचए-२५६’ या प्रकारात त्याचा निष्कर्ष २५६ बिटांचाच निघतो. मजकुरात एक अनुस्वार बदलला तरी निष्कर्ष सर्वस्वी वेगळा येतो. या निष्कर्षावर खासगी किल्लीने जी प्रक्रिया होते, तीच स्वाक्षरी. वाचणारा सार्वजनिक किल्ली वापरून तिची पडताळणी करतो. ही किल्ली अमुक व्यक्तीचीच आहे, याची ग्वाही परवानाधारक प्रमाणन संस्था आपल्या प्रमाणपत्राद्वारे देते. अशा रीतीने शिक्का व मोर्तब यांचे कार्य एकत्र साधले जाते. मात्र स्वाक्षरीमुळे मजकूर गुप्त होत नाही, हे लक्षात ठेवावयास हवे. गुप्ततेसाठी स्वतंत्र कूटलेखन करावे लागते.

कायद्याचा आधार

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ३ ने अंकीय स्वाक्षरीस मान्यता दिली. २००८ च्या सुधारणेने कलम ३अ समाविष्ट होऊन ‘इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी’ ही अधिक व्यापक संज्ञा कायद्यात आली. ही सुधारणा २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. प्रमाणन संस्थांवर देखरेख ठेवण्यासाठी केंद्र शासनाने नियंत्रकाची योजना केली आहे. अधिनियमाच्या कक्षेत सर्वच दस्तऐवज येतात, असे नाही. मृत्युपत्र व न्यासलेख आजही तिच्याबाहेर आहेत. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचे करारही प्रारंभी वगळलेले होते. २०२२ च्या अधिसूचनेने ते बंधन दूर झाले.

कलम ४२ विशेष महत्त्वाचे आहे. खासगी किल्लीवरील ताबा राखण्यासाठी वाजवी काळजी घेणे आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणन संस्थेस विनाविलंब कळविणे हे किल्लीच्या धन्याचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. आपल्याकडे किल्लीचे साधन व त्याचा परवलीचा अंक हिशेबनीसाकडे सोपवून निश्चिंत होण्याची रीत फार आहे. गणिताच्या दृष्टीने त्या हिशेबनिसाने केलेली स्वाक्षरी आणि धन्याने केलेली स्वाक्षरी यांत तिळमात्र फरक नसतो. कोऱ्या कागदांवर सह्या करून ते दुसऱ्याच्या पेटीत ठेवावेत, तसाच हा प्रकार होय.

विनंतीचा प्रवास

२०१५ साली ‘ई-साइन’ या पद्धतीस मान्यता मिळाली आणि स्वाक्षरीसाठी स्वतंत्र साधन बाळगण्याची गरज उरली नाही. पाठविणारा दस्तऐवज अंतिम रूपात सिद्ध करतो, स्वाक्षरी करणाऱ्यांचा क्रम ठरवितो आणि विनंतीचा दुवा त्यांच्या विपत्रावर वा भ्रमणध्वनीवर धाडतो. आधारवर आधारलेल्या प्रकारात स्वाक्षरी करणाऱ्याची ओळख एकवेळच्या परवलीच्या अंकाने, म्हणजे ओटीपीने, किंवा बोटाच्या ठशाने पटविली जाते. त्यानंतर सेवादात्याच्या सुरक्षित यंत्रात किल्ल्यांची जोडी निर्माण होते, एक स्वाक्षरी होते आणि खासगी किल्ली नष्ट केली जाते. त्या किल्लीच्या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त तीस मिनिटांची असते.

येथे एक बारकावा आहे. ई-साइन सेवादात्याकडे दस्तऐवजाचा मजकूर जात नाही; त्याचा केवळ हॅश जातो. खासगीपणाच्या दृष्टीने ही योजना योग्यच आहे. परंतु त्यामुळे ओळख पटविणाऱ्या यंत्रणेस आपण कशावर स्वाक्षरी करीत आहोत, हे वाचता येत नाही. भ्रमणध्वनीवर आलेले अंक शेतजमिनीच्या कर्जासाठी असोत वा साध्या अर्जासाठी, ते सारखेच दिसतात. म्हणून ‘जरा ओटीपी सांगा’ या विनंतीस होकार देणे म्हणजे माहिती पुरविणे नव्हे. ती प्रत्यक्ष स्वाक्षरीच असू शकते.

देवनागरीचा विशेष प्रश्न

हॅश अक्षरे पाहत नाही, अक्षरांमागील संकेतांक पाहतो. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांच्या संयोगाने. डोळ्यांस दोन्ही रूपे एकच दिसतात, हॅश मात्र भिन्न येतात. उलट, युनिकोडपूर्व टंकांत सिद्ध केलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटतो, तरी स्वाक्षरी वैध ठरते. यासाठी मराठी दस्तऐवज स्वाक्षरीपूर्वी पीडीएफ स्वरूपात, टंक आत समाविष्ट करून गोठवावा. दीर्घकाळ जतन करावयाच्या कागदांसाठी २००५ पासून अस्तित्वात असलेल्या ‘पीडीएफ-ए’ या मानकात ही अट अनिवार्यच आहे.

सुरक्षिततेची पथ्ये

फसवणूक करणारा सहसा गणिताशी झुंजत नाही. तो खोटी विनंती पाठवितो. परिचित संस्थेची मुद्रा, ‘आजच स्वाक्षरी न केल्यास रक्कम अडकेल’ असा धाक आणि एक दुवा, एवढे त्यास पुरते. म्हणून अनपेक्षित विनंती आल्यास पाठविणाऱ्यास आपल्याजवळील जुन्या क्रमांकावर विचारावे. विनंतीतच दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पाठविणाऱ्यानेही दस्तऐवज उघडण्याचा संकेतांक वेगळ्या मार्गाने कळवावा आणि विनंतीस मुदत घालावी. पूर्वी पत्र एकाच्या हाती आणि ओळखीची खूण दुसऱ्याच्या तोंडी पाठविण्यामागे हेच शहाणपण होते.

स्वाक्षरी पूर्ण झाल्यावर मूळ संगणकीय प्रत जपून ठेवावी. छापील प्रतीवर दिसणारी बरोबरची खूण हे केवळ चित्र असते. पडताळणी मूळ प्रतीचीच होऊ शकते. तीवर प्रश्नचिन्ह दिसले म्हणजे दस्तऐवज बनावट, असेही नाही. प्रमाणन साखळीचे मूळ त्या वाचकप्रणालीच्या विश्वसनीय यादीत नसल्यासही तसे दिसते.

समारोप

नांगराची निशाणी करणाऱ्यास वाचता येत नव्हते, पण कागद लिहिणारा लेखक व साक्षीदार त्याच्यासमोर बसलेले असत आणि मजकुराबद्दल त्यांना विचारता येई. आज इंग्रजीतील तीस पृष्ठांचा करार एखाद्या मराठी भाषिकाच्या, किंवा देशातील अन्य कोणत्याही भाषिकाच्या भ्रमणध्वनीवर येतो. त्याच्याजवळ लेखकही नसतो, साक्षीदारही नसतो. असतात ते सहा अंक आणि सरणारी मुदत. ‘स्वाक्षरी’ कोणाची, हे यंत्र निःसंशय सिद्ध करील. मजकूर त्यास समजला व पटला होता काय, म्हणजेच ती ‘सही’ होती काय, हे सांगणे यंत्राच्या आवाक्यातील नाही. म्हणून स्वाक्षरीची विनंती पाठविणाऱ्या प्रत्येक संस्थेने दस्तऐवजाचा गोषवारा समोरच्याच्या भाषेत देणे आणि तो वाचण्यास पुरेसा अवधी ठेवणे, हेही सुरक्षिततेचेच अंग मानले पाहिजे.