पडद्यांवरची झीज

वरवे बुद्रुकसारख्या, पुणे–सातारा रस्त्यावरच्या गावात जुनं घर उतरवायला काढलं की माळ्यावरून पितळी भांड्यांबरोबर कधी एखादं भोपळ्याचं, लांब दांडीचं वाद्यही खाली येतं. वाजवणारा गेलेला असतो. मग कुणी त्याला सतार म्हणतं, कुणी तंबोरा.

पडदे नसतील तर तो बहुधा तंबोराच. कमानदार, दोऱ्याने बांधलेले, सरकणारे पडदे असले की सतार. त्यातही भोपळा चपटा, कासवाच्या पाठीसारखा असेल तर कछवा सतार. चोवीस पडदे मेणात पक्के बसवलेले दिसले तर ती दक्षिणेची सरस्वती वीणा.

हा ठोकताळा वारकऱ्यांच्या वीणेपाशी मात्र फसतो. तिच्या दांडीवर अनेकदा पडदे असतात, पण विणेकरी ते दाबत नाही. वीणा गळ्यात अडकवून, उभ्याने, तो मोकळ्या तारा छेडत राहतो. सप्ताहात ती खाली टेकवायची नसते. पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात जाते.

म्हणून माझ्या मते पडदे मोजण्याआधी झीज बघावी. वाद्य खिडकीपाशी न्यावं आणि पडद्यांवर तिरपा उजेड पाडावा. सतारीच्या पडद्यांवर तार दाबून, ओढून बारीक चरे पडलेले असतात. नंतर घोडी बघावी. तारांनी तिथे खाचा पाडल्यात, पण पडदे गुळगुळीत आहेत, असं दिसलं तर ते वाद्य पुष्कळ वाजलंय, फक्त सूर धरण्यासाठी. अशी वीणा कुणाच्या तरी भजनात उभी राहिलेली असते. तिला अडगळ म्हणणं मला सहन होत नाही.

यातली बारकाई मिरजेच्या कारागिरांना विचारावी. फरीदसाहेब शिकलगारांपासून, एकोणिसाव्या शतकापासून, तिथे हे काम चालत आलंय. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जुनी वाद्यं शेजारी शेजारी ताडून बघायची तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं वाद्यदालन आहे.

तोवर एवढं करा: पॉलिश मारू नका, घोडी घासू नका, गंजलेल्या तारा फेकू नका. आणि गावातल्या म्हाताऱ्या टाळकऱ्याला आधी दाखवा.