मठातलं जहाज

एकसरच्या माणसाने दगडातली जहाजं बघायला गोव्याला जावं, हे जरा उलटंच. आमच्या बोरिवलीत घरापासून दहा मिनिटांवर अख्खं आरमार कोरलेले वीरगळ उभे आहेत. पण संपादक म्हणाले, ‘जुन्या गोव्याच्या संग्रहालयातला बघून या, मग लिहा.’ गेलो, तर पहिल्या दिवशी दारावरूनच परतावं लागलं. शुक्रवारी ते बंद असतं, हे मी विसरलो होतो.

संग्रहालय आहे सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून असलेल्या मठात. फ्रान्सिस्कन साधू गोव्यात १५१७ साली उतरले. आजचं चर्च १६६१ चं. काळ्या दगडाचा दर्शनी दरवाजा मात्र आधीच्या चर्चचा, जपून ठेवलेला. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच हा मठ बंद केला. गोवा मुक्त झाल्यावर, १९६४ साली, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे संग्रहालय मांडलं.

आत शिरताच गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कचा धिप्पाड ब्राँझचा पुतळा समोर येतो. एके काळी तो पणजीच्या चौकात होता. वरच्या मजल्यावर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची ओळीने चित्रं. ही प्रथा १५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रोने सुरू केली. गास्पार कोरैया या बखरकाराने आराखडे केले आणि एका स्थानिक चिताऱ्याने रंग भरले. कोकणच्या दमट हवेत ही चित्रं पुन्हापुन्हा रंगवावी लागली, त्यामुळे समोरच्या चेहऱ्यात मूळचं किती आणि नंतरच्या हातांचं किती, हे नुसत्या नजरेला कळत नाही. या चिताऱ्याचं नाव मला कुठे सापडलं नाही.

मी मात्र रमलो तळमजल्यावर, कदंब काळातल्या वीरगळापाशी. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाशी लढाई, तिच्या वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे कीर्ती आचंद्रार्क राहो. इथल्या लढाईच्या पट्टीत घोडा नाही, हत्ती नाही, जहाज आहे. मरणारा दर्यावर मेला, हे सांगायला पाथरवटाला अक्षराची गरज पडली नाही. मी उकिडवा बसून बघत राहिलो. पहारेकरी दोनदा डोकावून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, ‘सगळे वर जातात, साहेब. इथे कोणी बसत नाही.’

तिथे मला मंडपेश्वर आठवलं. याच फ्रान्सिस्कन पंथाच्या आंतोनियु दु पोर्तुने सोळाव्या शतकात बोरिवलीच्या त्या शैव लेण्यात प्रार्थनागृह केलं. लेण्याच्या माथ्यावर मठ उठला. कोरीव भिंतीवरचा क्रूस अजून दिसतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि पुढे मठाचे अवशेष उरले. गोव्यातल्या मठाला मात्र नवं काम मिळालं. ज्या देवळांची जागा चर्चांनी घेतली, त्या देवळांच्या काळातल्या मूर्ती आज त्याच्याच छपराखाली कोरड्या आहेत.

आणि आमचं एकसर? १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये इथल्या सहा वीरगळांचं वर्णन आहे. वल्ह्यांच्या ओळी, डोलकाठ्या, एकमेकांवर चालून जाणारी गलबतं. यादव महादेवाशी १२६५ च्या सुमारास झालेल्या लढाईत शिलाहार सोमेश्वर समुद्रात गेला. हे दगड त्याच लढाईचे, असं अनेक अभ्यासक मानतात. त्यांच्याभोवती आता इमारती आहेत. पाऊस अंगावर येतो, कोरीव काम झिजतं आहे. खालच्या पट्ट्या तर बोटाने चाचपाव्या लागतात. अर्थात उचलून संग्रहालयात न्या, असंही म्हणवत नाही. वीरगळ गावचा असतो. जागा सोडली की त्याची निम्मी गोष्ट जाते. गोव्याच्या वीरगळापुढे शतक लिहिलेली पाटी आहे, पण तो कोणाच्या वेशीवर उभा होता, हे त्या दगडाकडे बघून कळत नाही.

तेव्हा मागणं मोठं नाही. दगड आहेत तिथेच राहू देत. डोक्यावर एक साधं छप्पर, भोवती पाणी वाहून जाईल असा उतार आणि मराठीत चार ओळींची पाटी, एवढं झालं तरी पुष्कळ. मेट्रोच्या २अ मार्गावर मंडपेश्वर आणि एकसर ही लागोपाठची स्थानकं आहेत. एखाद्या रविवारी सकाळी दोन्हीकडे उतरा. उन्हं तिरपी असतात तेव्हा वल्ही मोजता येतात.