तंबाखूची पारख : विलायती मिश्रणावरून घ्यावयाचा बोध

जो माल आपण पिकवितो त्याची पारख आपणास असली पाहिजे, हे तत्त्व कोणीही शेतकरी नाकारणार नाही. परंतु व्यवहारात ते सर्व पिकांस सारखेच लागू होते असे मात्र दिसत नाही. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून ती पुरती वाळली की नाही, हे आमच्या हातकणंगले तालुक्यातील शाळकरी पोरही सांगेल. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतील रसाचा थेंब पाण्यात टाकतो, त्याची गोळी बोटांनी दाबून पाहतो आणि काहील उतरविण्याचा हुकूम देतो. तंबाखूची गोष्ट आली की मात्र तोच हुशार शेतकरी गप्प बसतो. व्यापारी मूठभर पाला उचलतो, नाकाशी धरतो, चुरगाळून पाहतो आणि भाव बोलतो. पिकविणारा केवळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. पाल्यात त्या व्यापाऱ्याला काय दिसले व काय दिसले नाही, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हल्ली आमच्या तालुक्यात पाण्याखालच्या जमिनीवर उसाचेच राज्य आहे, हे खरे. तथापि निपाणीची पेठ आम्हांस दूर नाही, आणि शेजारच्या जयसिंगपूरची पेठही तंबाखूच्या व्यापाराकरिता ओळखली जात आली आहे. कागल, चिकोडी, निपाणी या पट्ट्यांत ज्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांकडे तंबाखू होतो असे कित्येक वाचक या मासिकास आहेत. त्यांस विलायती चिरुटनळीच्या, म्हणजे पाइपच्या, तंबाखूची हकीकत सांगणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु पान, त्याची सुकवण व त्याची मुरवण यांचा गुण वेगवेगळा ओळखून प्रत्येकाचे मोल करण्याची विद्या पाइपवाल्यांनी जितकी वाढविली, तितकी विडीच्या धंद्यात कोणी वाढविलेली नाही. म्हणून हा आडवळणाचा मार्ग आम्ही पत्करला आहे. धूम्रपानाची शिफारस करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही, हे आरंभीच नमूद करितो. त्याचे कारण पुढे येईल.

तंबाखू आपल्याकडे कसा आला

तंबाखू हे अमेरिका खंडातील झाड. पोर्तुगीजांनी ते हिंदुस्थानात आणिले. अकबराचा वकील असदबेग याने आदिलशाही विजापुरात हा पदार्थ प्रथम पाहिला आणि १६०५ च्या सुमारास तो बादशहापुढे नजर केला, ही इतिहासप्रसिद्ध गोष्ट आहे. दरबारच्या हकिमांनी या अनोळखी वस्तूविषयी शंका घेतली, पण सरदारमंडळींत तिची चटक लागली. पुढे १६१७ साली जहांगीराने मनाई केली. तीही चालली नाही. तात्पर्य, उत्तरेस तंबाखू गेला तो आपल्याच दख्खनच्या मुलखातून. असे असूनही आपल्या पानास आजवर स्वतंत्र नाव व लौकिक का मिळू नये, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

इंग्रजी पद्धतीचे मिश्रण म्हणजे काय

ग्रेट ब्रिटनमध्ये पूर्वी तंबाखूत बाहेरचे पदार्थ व सुगंधी अर्क मिसळण्यावर कायद्याचे कडक निर्बंध होते. त्यामुळे तेथील कारागिरांस सर्व स्वाद पानांतूनच काढावा लागला. यातून जी रीत निघाली तिला इंग्रजी मिश्रण म्हणतात. त्यात मुख्यत्वे पुढील पाने येतात.

पहिले व्हर्जिनिया. हे पान बंद कोठीत लोखंडी नळांच्या उष्णतेने सुकवितात. धूर पानास लागू देत नाहीत. आरंभी मंद ऊब देऊन पान पिवळे होऊ देतात. या अवधीत पानातील पिठूळ अंश साखरेत बदलतो. मग उष्णता चढवीत नेऊन पाच-सात दिवसांत पान व शीर दोन्ही वाळवितात. साखर जागच्या जागी राहते, म्हणून या पानाचा वास नव्या गवताच्या गंजीसारखा व चव गोडसर असते. आपल्या देशात आंध्रातील गुंटूरकडे हेच पान पिकते.

दुसरे तुर्की पान. तुर्कस्थान, ग्रीस, मॅसिडोनिया येथील हलक्या, खडकाळ जमिनीत हे दाट लावितात. पान हाताच्या बोटाएवढे लहान, उन्हात सुकविलेले, किंचित आंबूस व मसाल्याच्या वासाचे असते. पोट भरलेल्या जमिनीत ते लाविले तर पान मोठे होते, पण सुगंध जातो.

तिसरे लटाकिया. हे मूळचे सिरियातील लटाकिया बंदराकडचे, पुढे सायप्रस बेटातील. उन्हात वाळलेले पान बंद जागेत टांगून त्यास सुगंधी झाडांच्या लाकडांचा धूर कित्येक दिवस देतात. पान काळेभोर होते. आपल्या गोठ्यात डासांसाठी शेणी व निंबाच्या पाल्याची धुरी केली असता दुसऱ्या दिवशी घोंगडीस जो वास राहतो, त्याच जातीचा पण अधिक मधुर असा हा वास समजावा. वासाने उग्र असले तरी हे पान अंगाने सौम्य असते. वासाचा उग्रपणा आणि तंबाखूचा कडकपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा यातील मोठा धडा होय.

चौथे पेरिक. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात हे पान पिंपांत दाबून, मधून मधून उलथून, वर्षभर मुरवितात. लोणचे जसे खारात मुरते तसे हे आपल्याच रसात मुरते. याची चिमूटच पुरे होते.

लंडन येथे १९०७ साली आल्फ्रेड डनहिल याने तंबाखूचे दुकान घातले. तो गिऱ्हाइकाच्या रुचीप्रमाणे मिश्रण करून देई आणि प्रत्येक मिश्रणाची कृती वहीत क्रमांक घालून नोंदवून ठेवी. त्यांपैकी ९६५ क्रमांकाचे मिश्रण पुढे जगभर विकले गेले. आम्हां दप्तरी माणसास यात विशेष वाटते ते मिश्रणाचे नव्हे, त्या वहीचे.

पारखीची रीत

पाइपचे जाणकार मिश्रणाची परीक्षा क्रमाने करितात. प्रथम डोळा : कोणत्या रंगाची पाने किती आहेत, चिरणी सारखी आहे की भुकटी अधिक आहे. मग हात : चिमूट दाबून सोडली असता ती हळूहळू फुलली पाहिजे, गोळा होऊन राहिली तर ओल जास्त, कुरकुरून मोडली तर ओल उणी. मग नाक : डबी उघडताच येणारा पहिला वास आणि थोडी हवा लागल्यावर येणारा दुसरा वास हे वेगळे असतात, दुसऱ्यावर अधिक भरवसा ठेवावा.

शेवटी विस्तव. नळीच्या वाटीत तळाशी सैल, मध्ये जरा दाबून व वर घट्ट असा तंबाखू भरितात. प्रथम पेटवून वरचा थर फुलला की तो दाबून पुन्हा पेटवितात. धूर छातीत न घेता तोंडातच खेळवितात. घाईने ओढल्यास वाटी तापते आणि जीभ चावल्यासारखी होते. ओला तंबाखूही जीभ पोळतो. वाटीचा वरचा, मधला व तळचा भाग यांत चव पालटत जाते, आणि तो पालट ओळखणे हीच खरी रसिकता असे ते मानितात.

येथे एक शास्त्रीय गोष्ट ध्यानात घ्यावी. साखरेच्या पानाचा धूर आम्लधर्मी असतो, तर हवेत सुकविलेल्या, साखर संपलेल्या पानाचा धूर क्षारधर्मी असतो. क्षारधर्मी धुरातील निकोटीन तोंडाच्या आवरणातूनच रक्तात उतरते. आपल्याकडे तंबाखू चुन्यात मळण्याचे कारणही हेच. चुना क्षार आहे. तो निकोटीन मोकळे करितो. आमच्या आजोबांच्या चंचीतील चुन्याची डबी आणि लंडनच्या साहेबाची नळी यांचे रसायन एकच आहे.

आपले पान या कसोटीवर

निपाणी भागातील विडीचा तंबाखू हा उन्हात, जमिनीवर सुकविलेला. रोपाचा शेंडा खुडल्यावर व फुटवे वेळच्या वेळी काढल्यावर सर्व बळ पानांत जाते, पाने जाड होतात आणि निकोटीन वाढते. पानावर तांबूस ठिपके उठले, पान खरबरीत झाले, की ते पक्व झाले असे समजतात. ठिपके येण्यापूर्वी कापले तर हिरवट वास राहतो आणि तो पुढे कोणत्याही उपायाने जात नाही. वाळलेला पाला पहाटेच्या दवाने मऊ असतानाच हाताळावा लागतो. ऊन चढल्यावर हात लावला तर चुरा होतो. नंतर ढिगात मुरवण नीट झाली तर कच्चा, झोंबणारा वास मोडून भरीव वास येतो. ढिगात ओल राहिली तर बुरशी धरते.

सर्वांत उपयोगाची कसोटी जळण्याची. वाळलेल्या पानास पेटत्या उदबत्तीचे टोक लावावे व विस्तव किती वेळ आपोआप सरकत जातो ते पाहावे. चांगले पान शांतपणे जळत जाते व राख पांढुरकी पडते. लगेच विझणाऱ्या, काळी राख सोडणाऱ्या पानात बहुधा क्लोरीनचा अंश जास्त असतो. तो जमिनीतून किंवा विहिरीच्या मचूळ पाण्यातून येतो. पालाशाकरिता म्युरिएट ऑफ पोटॅश हे खत घातले तरीही येतो. म्हणूनच तंबाखूस पालाश द्यावयाचे तर सल्फेटच्या रूपाने द्यावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात. पंचगंगा व कृष्णाकाठी क्षारपड जमिनीचा प्रश्न किती बिकट आहे हे वाचकांस सांगणे नको. मुद्दा हा की, उदबत्तीच्या टोकाने पानाचीच नव्हे, तर शेताचीही परीक्षा होते.

पारख नसल्याची किंमत

पूर्वी पेठांतून रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत असे. रुमाल गेला, पण माल डोळ्यांआड ठेवून भाव करण्याची वृत्ती समूळ गेली असे म्हणता येत नाही. १९४३ साली तंबाखूवर मध्यवर्ती सरकारचा अबकारी कर बसला आणि उत्पादकास आपल्या पाल्याचा हिशेब सरकारदरबारी देणे भाग पडले. कच्च्या पाल्यावरील हा कर १९७९ साली उठला. म्हणजे पस्तीस-छत्तीस वर्षे सरकारने या पाल्याची नोंद काटेकोर ठेविली. ज्याने तो पिकविला त्याच्या घरात मात्र बहुधा कागदाचा चिटोराही नव्हता. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी पुणे-बंगलोर हमरस्ता अडविला. ६ एप्रिल रोजी पोलिसांचा गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे प्राण गेले. इतके मोल देऊन मांडलेला प्रश्न हाच होता की, मालाचा भाव ठरविण्यात पिकविणाऱ्याचा शब्द असावा की नसावा. संघटनेवाचून तो शब्द चालत नाही, हे खरे. पण मालाची पारख नसेल तर त्या शब्दात वजनही येत नाही.

याकरिता आमची सूचना साधी आहे. प्रत्येक तुकड्यातील पाल्याचा मूठभर नमुना काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवावा. बरणीवर गट नंबर, वाण, लावणीची, शेंडे खुडल्याची व कापणीची तारीख, दिलेले खत आणि पाणी यांची चिठ्ठी लावावी. व्यापारी येण्यापूर्वी डोळा, हात, नाक व उदबत्ती या चार कसोट्या घरीच लावून निकाल लिहून ठेवावा. चार-पाच शेजाऱ्यांनी आपले नमुने एकत्र मांडून तुलना केली तर अधिक उत्तम. दोन-तीन हंगामांत कोणत्या रानाचे पान कोणत्या कारणाने सरस ठरते हे हाती लागेल. महसूल खात्यातील कारकुनीत आमची हयात गेली. पीकपाहणीत जे लिहिले गेले तेच पुढे पुरावा म्हणून उभे राहिले, हा आमचा अनुभव आहे. डनहिलच्या वहीचे रहस्यही याहून निराळे नाही.

दोन इशारे

या पारखीस धूर ओढण्याची किंवा पान चघळण्याची गरज नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत खोटी आहे. ओठ, तोंड व घसा यांच्या कर्करोगाचे ते एक सिद्ध कारण आहे. मिसरी, तपकीर, विडी व चुन्याचा तंबाखू यांसही हेच लागू आहे. पानाचा पारखी होणे व पानाचा बांधील होणे यांत अंतर राखावे.

दुसरे असे की, ओले पान हाताळताना निकोटीन कातडीतून अंगात भिनते. दवाने भिजलेल्या रानात शेंडे खुडणाऱ्यांस मळमळ, ओकारी, डोकेदुखी व घेरी येते ती बहुधा यामुळेच. बाह्या लांब असाव्यात, हात झाकलेले असावेत, भिजलेले कपडे लगेच बदलावेत व अंग साबणाने धुवावे. लहान मुलांस या कामास लावूच नये. वखारीत पाला चाळणाऱ्या बायांच्या नाकातोंडात धूळ जाते, तेथेही फडके व मोकळी हवा यांची तजवीज मालकाने करणे हे त्याचे कर्तव्य आहे.

ज्यांस या पिकातून बाहेर पडून दुसरे पीक धरावयाचे असेल त्यांनी अवश्य धरावे. आम्ही त्यांचे अभिनंदनच करू. परंतु पारख ही एका पिकाची नसते. जो तंबाखूच्या पानात रान, सुकवण व मुरवण वेगळी ओळखू शकेल, तो उद्या गूळ, हळद किंवा मिरची घेऊन पेठेत उभा राहिला तरी समोरच्याच्या तोंडाकडे पाहत बसणार नाही.