'रेलिक्स': फसलेल्या गाण्यांच्या पाठीमागे

१४ मे १९७१ रोजी ईएमआय कंपनीने 'स्टारलाइन' या आपल्या स्वस्त लेबलवर पिंक फ्लॉइड या बँडची एक तबकडी ब्रिटनमध्ये विकायला काढली. बँड तेव्हा 'मेडल'च्या कामात गुंतला होता. तो अल्बम तयार होईपर्यंत दुकानात काहीतरी असावं, एवढाच या 'रेलिक्स'मागचा हिशेब. एकूण अकरा गाणी, त्यांतली दहा आधीच प्रसिद्ध झालेली. अशा संग्रहांना रसिक सहसा फारशी किंमत देत नाहीत. मला मात्र हा बँड कसा घडला हे 'रेलिक्स'इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याही एका तबकडीत ऐकू येत नाही.

पहिलंच गाणं 'आर्नल्ड लेन'. जानेवारी १९६७ मध्ये, ईएमआयशी करार होण्याआधी, जो बॉइड या निर्मात्याने ते चेल्सीतल्या 'साउंड टेक्निक्स' स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं. दोरीवर वाळत घातलेले बायकांचे कपडे चोरणाऱ्या माणसाचं हे गाणं. बँडमधले सिड बॅरेट आणि रॉजर वॉटर्स दोघेही केंब्रिजचे. दोघांच्याही आईकडे शिकणाऱ्या मुली भाड्याने राहत आणि त्यांचे कपडे खरोखरच चोरीला जात. गावातली ही कुजबुज बॅरेटने तीन मिनिटांत बसवली. समुद्रातून चालणाऱ्या 'रेडिओ लंडन'ने त्यावर बंदी घातली, तरी ते ब्रिटिश यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. करार झाल्यावर कंपनीने बॉइडच्या जागी बीटल्सचे एकेकाळचे ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथ यांना निर्माता म्हणून आणलं. पण 'सी एमिली प्ले'च्या वेळी सगळ्यांना पुन्हा चेल्सीतच जावं लागलं, कारण तिथला तो आवाज ईएमआयच्या स्टुडिओत हाती लागेना. हे गाणं सहाव्या क्रमांकावर गेलं.

या दोन आटोपशीर गाण्यांच्या मधोमध 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' आहे: शब्द नाहीत, लांबी साडेनऊ मिनिटांहून जास्त. व्यवस्थापक पीटर जेनर 'लव्ह' या अमेरिकन बँडने गायलेल्या एका गाण्याची चाल गुणगुणत होता. ती नीट जमत नव्हती. बॅरेटने त्या अडखळत्या गुणगुणण्यामागे गिटार लावली आणि त्यातून ही उतरती सुरावट निघाली. लंडनच्या 'यूएफओ' क्लबमध्ये, अंगावर तेलरंगांचे हलते प्रकाशझोत पडत असताना, ते ही रचना मन मानेल तितकी लांबवत. पहिल्या अल्बमसाठी केलेलं ध्वनिमुद्रण म्हणजे दोन वेगवेगळी वादनं एकावर एक चढवलेली आहेत. हेडफोन लावून ऐकलं की दोन बँड एकमेकांना शोधत वाजवताहेत असं वाटतं.

आणि मग बॅरेट ढासळत गेला. जानेवारी १९६८ मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना बाकीचे त्याला घ्यायला गेलेच नाहीत. एप्रिलमध्ये तो बँडमधून बाहेर पडल्याचं जाहीर झालं. गाणी लिहिणाराच गेल्यावर उरलेल्यांनी काय केलं, याचं उत्तर 'रेलिक्स'मध्ये आहे. बँडमधल्याच रिचर्ड राइटच्या 'रिमेंबर अ डे'मध्ये बॅरेटची सरकती गिटार अजून ऐकू येते. त्यातले ड्रम बँडचा ड्रमर निक मेसनचे नाहीत, नॉर्मन स्मिथ यांचे आहेत. 'ज्युलिया ड्रीम' वॉटर्सने लिहिलं आणि नव्याने आलेल्या डेव्हिड गिलमोरने हळुवार गायलं. ते बॅरेटच्या वळणाचं आहे, पण हात वेगळा आहे हे लगेच कळतं.

निवड करणाऱ्याने केलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट इथे येते. 'अ‍ॅपल्स अँड ऑरेंजेस', 'इट वुड बी सो नाइस' आणि 'पॉइंट मी अ‍ॅट द स्काय' ही तिन्ही एकल गाणी (सिंगल्स) पडली होती. ती 'रेलिक्स'मध्ये नाहीत, पण त्यांच्या तबकड्यांच्या मागच्या बाजू, 'पेंट बॉक्स', 'ज्युलिया ड्रीम' आणि 'केअरफुल विथ दॅट अ‍ॅक्स, यूजीन', तिन्ही आहेत. पुढची बाजू रेडिओसाठी होती, मागची बाजू स्वतःसाठी. या तिन्हींतल्या शेवटच्या गाण्यात तर चालच जवळजवळ नाही. बास एकाच स्वराभोवती घुटमळतो, कुणीतरी कुजबुजतं आणि मग वॉटर्सची ती किंकाळी. पावणेसहा मिनिटांचा हा तुकडा पुढे कित्येक वर्षं मंचावर वाढत, बदलत राहिला. डिसेंबर १९६८ मध्ये 'पॉइंट मी अ‍ॅट द स्काय' पडल्यानंतर ब्रिटनमध्ये बँडने १९७९ पर्यंत, 'द वॉल'मधल्या गाण्यापर्यंत, एकल तबकडी काढली नाही. आपल्याकडे ज्यांनी 'डार्क साइड ऑफ द मून'पासून फ्लॉइड ऐकायला सुरुवात केली, त्यांना त्या लांब, संथ चढत जाणाऱ्या संगीताचं मूळ या मागच्या बाजूंवर सापडेल.

आधी कुठेही न आलेलं गाणं एकच, 'बायडिंग माय टाइम'. ते आळसावलेल्या जॅझने सुरू होतं आणि त्यात राइट ट्रॉम्बोन वाजवतो. 'मोर' या चित्रपटातली दोन गाणीही आहेत. त्यांतलं 'द नाइल साँग' या बँडने केलेल्या सर्वांत दणदणीत गाण्यांपैकी एक. गाण्यांचा क्रम काळाप्रमाणे नाही. शेवट १९६७ च्या 'बाइक'ने होतो, म्हणजे बॅरेट पुन्हा येतो.

मुखपृष्ठावरचं नळ्या, चाकं आणि वाद्यांनी लगडलेलं अजब यंत्र निक मेसनने स्वतः रेखाटलं. वास्तुकलेच्या वर्गात शिकलेला हात त्यात दिसतो. १९९६ च्या सीडीसाठी त्या चित्राची त्रिमितीय प्रतिकृतीच बनवण्यात आली. याच मेसनने २०१८ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, 'डार्क साइड'च्या आधीचीच गाणी वाजवणारा बँड उभा केला. त्यांच्या लंडनमधल्या मैफलीच्या, २०२० मध्ये आलेल्या अल्बमात 'आर्नल्ड लेन', 'रिमेंबर अ डे', 'द नाइल साँग', 'बाइक' तर आहेतच. 'रेलिक्स'मधून वगळलेलं 'पॉइंट मी अ‍ॅट द स्काय'ही आहे.